फ्यूजनची तारीख विचारणं बंद करूया

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी मामांचा एक फॉरवर्ड ठरलेला असतो. चीनने कृत्रिम सूर्य पेटवला, मग फ्रान्सने चीनला मागे टाकलं, मग अमेरिकेच्या लेझरने कमाल केली, आता वीज जवळजवळ फुकट, आणि खाली मामांचा स्वतःचा एकच प्रश्न, "आपल्याकडे कधी?" मामा वीज मंडळात होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली (अजून ते महावितरण म्हणत नाहीत, एमएसईबीच म्हणतात), त्यामुळे युनिट-मेगावॅट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मला आताशा ठाम वाटायला लागलंय की फ्यूजनबद्दल, म्हणजे हलक्या अणूंचे गाभे एकमेकांत जुळवून सूर्यासारखी ऊर्जा काढायच्या प्रकाराबद्दल, "कधी" हा प्रश्न आपण विचारूच नये, कारण विचारला की समोरचा काहीतरी तारीख देतोच, आणि एकदा तारीख मिळाली की सगळी चर्चा त्या तारखेभोवतीच फिरते, मशीनच्या आत नेमकं काय अडलंय ते बघायला कोणाला वेळ नसतो.

तारखांचा हा रोग जुना आहे आणि सुरुवात आपल्याच माणसापासून करता येते. ऑगस्ट १९५५, जिनिव्हा, अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद, अध्यक्ष होमी भाभा. त्यांनी भाषणात भाकीत केलं की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरायची रीत सापडेल, आणि मग जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल कारण समुद्रात जेवढं जड हायड्रोजन तेवढं इंधन. म्हणजे १९७५. भाभांना हसायचं काही कारण नाही, प्लाझ्मा, म्हणजे एवढा तापलेला वायू की त्यातले अणू फुटून विद्युतभारित कण सुटे झालेत, किती नाठाळ असतो हे त्या वेळी कोणालाच नीट माहीत नव्हतं. पहिला फटका अडीच वर्षांतच बसला. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलने झीटा नावाच्या मशीनमध्ये न्यूट्रॉन (फ्यूजन झाल्याची खूण) दिसल्याची घोषणा केली, पेपरांनी गाजावाजा केला, आणि मे महिन्यात कबूल करावं लागलं की हे न्यूट्रॉन फ्यूजनसाठी हवे तसे, सगळा प्लाझ्मा तापून आलेले नाहीत, प्लाझ्मातल्या अस्थिरतेने थोडेसे कण भलतेच पळवले त्यातून ते आले. ज्या गोष्टीमुळे मशीन चालणार नव्हतं तिलाच लोक यशाचा पुरावा समजले होते.

आता मामांच्या भाषेत, म्हणजे युनिटमध्ये, हिशोब करू. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीने १९२ लेझर बीम एका छोट्याशा गोळीसाठी झाडले, गोळीच्या टार्गेटवर पोचली २.०५ मेगाज्यूल ऊर्जा, फ्यूजनमधून निघाली ३.१५ मेगाज्यूल. हे खरंच मोठं यश आहे, सत्तर वर्षांत पहिल्यांदाच झालं, त्यात शंका नाही. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे जेमतेम ०.८७ युनिट, आणि ते लेझर चालवायला ग्रिडमधून घेतले होते साधारण ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. (ती सोय मुळात अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी बांधलीय, वीज हा तिचा धंदाच नाही, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.) इंग्लंडमधलं जेट हे टोकामॅक (मॅग्नेटच्या जोरावर प्लाझ्मा धरून ठेवणारं, मेदूवड्याच्या आकाराचं मशीन) बंद व्हायच्या आधी, २०२३ मध्ये, त्याने पाचेक सेकंदांत ६९ मेगाज्यूल दिले, ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. जागतिक विक्रम. युनिटमध्ये एकोणीस. प्लाझ्मा तापवायला त्यात ओतलेली ऊर्जा याच्यापेक्षा बरीच जास्त होती, आणि वरून तांब्याच्या मॅग्नेटना लागणारी वीज एवढी की शॉटच्या वेळी ग्रिडवर सगळा भार टाकता येत नव्हता म्हणून शेजारी अवाढव्य फ्लायव्हील फिरत ठेवलेले असायचे. आणि २०२५ चे ते दोन गाजलेले फॉरवर्ड? जानेवारीत चीनच्या ईस्ट नावाच्या टोकामॅकने प्लाझ्मा १०६६ सेकंद धरला, फेब्रुवारीत फ्रान्सच्या वेस्ट नावाच्या टोकामॅकने १३३७ सेकंद. दोन्ही सुंदर प्रयोग आहेत. पण त्या दोन्ही मशीनमध्ये ट्रिटियम (फ्यूजनच्या इंधनातलं दुसरं, आणखी जड हायड्रोजन) नव्हतं, फ्यूजनची ऊर्जा काढायची हा हेतूच नव्हता. सूर्य पेटला नव्हता, चूल किती वेळ न पडता उभी राहते ते बघत होते.

मग अडतं कुठे?

सूर्याची उपमा इथे सगळ्यात जास्त फसवते. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी डिग्री, आणि तिथे एका घनमीटरला तयार होणारी ऊर्जा तीनशे वॉटसुद्धा नाही, तेवढ्याच आकारमानाच्या माणसांच्या घोळक्यातून याहून जास्त उष्णता निघते! सूर्य भागवून नेतो कारण तो प्रचंड आहे, त्याचं स्वतःचं वजनच त्याला दाबून धरतं आणि त्याला अब्जावधी वर्षांचा वेळ आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही. म्हणून आपण ड्युटेरियम (तेच समुद्रातलं जड हायड्रोजन) आणि ट्रिटियम ही त्यातल्या त्यात लवकर जुळणारी जोडी घेतो आणि ती पंधरा कोटी डिग्रीपर्यंत तापवतो, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. आणि एवढं करून टोकामॅकमधला प्लाझ्मा आपल्या हवेपेक्षा साधारण अडीच लाख पट विरळ असतो. म्हणजे भट्टी म्हणावी तर आत जवळजवळ पोकळी, पण त्या पोकळीतला एकेक कण भयंकर तापलेला.

जॉन लॉसन या इंजिनिअरने १९५५ मध्येच हिशोब मांडून ठेवला होता की कण किती दाट, किती गरम, आणि उष्णता किती वेळ आत टिकते या तिन्हींचा मेळ बसला तरच गाडी पुढे जाते. यातला तिसरा आकडा जीव खातो. तापमान आपण मिळवलंय, दाटपणाही बऱ्यापैकी, पण उष्णता पळून जाते, आणि जुन्या लोकांच्या गणितापेक्षा कितीतरी वेगाने पळते. मॅग्नेटिक फील्डमुळे एकेकटा कण रेषेला गुंडाळून फिरत राहतो हे खरं, पण असंख्य कण एकत्र आले की ते स्वतःचं फील्ड, स्वतःचे प्रवाह, स्वतःचे भोवरे तयार करतात. आमटी खालून तापली की गरम भाग वर आणि गार भाग खाली असं आपोआप फिरायला लागतं ना, तसंच, फक्त इथे मधला भाग पंधरा कोटी डिग्री आणि एक-दोन मीटरवर धातूची भिंत, त्याच्याही पलीकडे उणे २६९ डिग्रीचे सुपरकंडक्टिंग (म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारे) मॅग्नेट. निसर्गाला एवढा उतार दिल्यावर तो खळबळ करणार नाही तर काय करणार. ही टर्ब्युलन्स कागदावर पूर्ण सोडवलेली नाही, जगातले मोठमोठे सुपरकॉम्प्युटर तिच्यावर लावलेत आणि तरी नव्या मशीनचं डिझाइन बऱ्याच अंशी जुन्या मशीनच्या अनुभवावरून ओढलेल्या रेषांवर चालतं.

एक नशिबाची गोष्ट घडली, तीही योगायोगाने. १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंगला अ‍ॅसडेक्स या टोकामॅकवर फ्रिट्झ वाग्नर यांना दिसलं की तापवायची पॉवर एका मर्यादेपलीकडे गेली की प्लाझ्मा अचानक शहाण्यासारखा वागतो, कडेला एक पातळ थर तयार होतो, तो उष्णता अडवतो आणि टिकायचा वेळ साधारण दुप्पट होतो. याला एच-मोड म्हणतात, आणि आज बहुतेक सगळ्या मोठ्या टोकामॅकची गणितं याच्यावर उभी आहेत. पण फुकट काहीच नसतं. कडेला दाब साचत जातो आणि मग कुकरच्या शिट्टीसारखा फस्सकन बाहेर पडतो, परत साचतो, परत शिट्टी. छोट्या मशीनमध्ये या शिट्ट्या परवडतात, मोठ्या मशीनमध्ये तीच शिट्टी समोरच्या टंगस्टनचा पत्रा वितळवू शकते. म्हणजे जो गुण हवाय तोच दोष घेऊन येतो, आणि प्लाझ्मात हे सारखं होतं, एक दोरी ओढली की दुसरी सैल पडते.

शिट्टी तरी बरी, कुकरच फुटला तर? त्याला डिसरप्शन म्हणतात. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या इटर या टोकामॅकमध्ये प्लाझ्मातून दीड कोटी अँपिअर करंट वाहणार आहे. काही कारणाने तोल गेला तर सगळी उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर येते, करंट कोसळतो, मशीनला जबर यांत्रिक हिसका बसतो, आणि वर प्रकाशाच्या वेगाजवळ पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत सुटला तर तो भिंतीला भोक पाडू शकतो. यात लोकांना धोका नाही हं, चेर्नोबिलसारखं काही होत नाही, इंधन एका वेळी आत ग्रॅमभरसुद्धा नसतं, प्लाझ्मा विझतो आणि संपतं. धोका मशीनला आणि बॅलन्स शीटला. प्रयोगशाळेत शॉट फुकट गेला तर दुसऱ्या दिवशी परत करता येतो. पॉवर प्लांटमध्ये वर्षाला असे दोन दणके बसले आणि प्रत्येक वेळी रोबोट आत घालून भिंतीच्या टाइल बदलाव्या लागल्या तर ती वीज कोण घेणार? स्टेलरेटर नावाचा दुसरा प्रकार आहे, जर्मनीतलं वेंडेलश्टाइन ७-एक्स, त्यात प्लाझ्मात मोठा करंट लागत नाही म्हणून ही भीती बरीच कमी होते, पण त्याचे मॅग्नेट असे काही पिळवटलेले असतात की जिलबी त्यापुढे सरळ रेषा वाटावी, आणि ते मिलिमीटरच्या हिशोबात बसवावे लागतात. माझी वैयक्तिक बाजी स्टेलरेटरवर आहे, पण तो वेगळा विषय.

आता भिंत. प्लाझ्मातून बाहेर पडणारी राख (म्हणजे हीलियम) आणि उष्णता तळाशी डायव्हर्टर नावाच्या भागावर सोडतात. तिथे सतत पडणारी उष्णता चौरस मीटरला १० मेगावॅटच्या घरात. मे महिन्यात चंद्रपूरला भर दुपारी गच्चीवर पडतं ते ऊन चौरस मीटरला फार तर एक किलोवॅट, म्हणजे हे त्याच्या दहा हजारपट, आणि दिवसरात्र. टंगस्टन हे सोसू शकतो म्हणून टंगस्टन लावायचा, पण टंगस्टनचे थोडेसे अणू उडून आत गेले तरी ते प्लाझ्माची उष्णता प्रकाशाच्या रूपात बाहेर फेकून त्याला थंड करतात. लाखात काही अणू पुरतात. याशिवाय ८० टक्के ऊर्जा घेऊन निघणारे न्यूट्रॉन आहेतच, ते मॅग्नेटला जुमानत नाहीत, सरळ स्टीलमध्ये घुसतात आणि त्यातले अणू जागेवरून ढकलत राहतात. असल्या न्यूट्रॉनखाली स्टील वर्षानुवर्षं कसं वागेल ते तपासायची पुरेशी सोय आज जगात नाही, त्यासाठीचं केंद्र आता स्पेनमध्ये ग्रनाडाजवळ उभं राहतंय. ज्याची टेस्टच झालेली नाही त्या मटेरियलचा प्लांट अमुक साली चालू होईल असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला माझा सलाम.

आणि "समुद्राच्या पाण्यातून अमर्याद इंधन" हे अर्धसत्य तर मला सगळ्यात जास्त खटकतं. ड्युटेरियम पाण्यातून मिळतं, बरोबर. ट्रिटियम मिळत नाही. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठवून ठेवलं तरी झिजतं, आणि जगातला नागरी वापराचा साठा पंचवीस-तीस किलोच्या आसपास, तोही मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या रिअ‍ॅक्टरमधून आलेला. एक गिगावॅट फ्यूजन पॉवर वर्षभर चालवायची तर सुमारे ५५ किलो जाळावं लागेल. म्हणजे जगाचा सगळा साठा एका प्लांटला सहा महिने. उपाय असा सांगतात की प्लांटने स्वतःचं ट्रिटियम स्वतः बनवायचं, भिंतीमागे लिथियमचं आवरण ठेवायचं, न्यूट्रॉन लिथियमवर आपटला की ट्रिटियम तयार. पण एका ट्रिटियममागे न्यूट्रॉन मिळतो एकच, त्यातले काही वाया जाणार, म्हणून मध्ये शिसं किंवा बेरिलियम घालून न्यूट्रॉन वाढवायचे आणि कसंबसं एकाचं सव्वाएक नाही, एकाचं एक पूर्णांक एक दशांश करायचं. विरजण संपू न देता रोज दही लावायचं आणि शिवाय शेजारणीला वाटीभर द्यायचं, तसं. हे सबंध आवरण खऱ्या मशीनमध्ये आजवर एकदाही चालवून बघितलेलं नाही.

इटर हे सगळं शिकायला बांधलंय, वीज बनवायला नाही, आणि हेही लोकांना माहीत नसतं. प्लाझ्मात ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट काढायची, काही मिनिटं. ऐकायला दहापट. पण मामांनी लगेच पकडलं असतं, ५०० मेगावॅट ही उष्णता आहे, टर्बाइनमधून वीज निघेल फार तर पावणेदोनशे, आणि ते ५० मेगावॅट प्लाझ्मापर्यंत पोचवायलाच भिंतीतल्या प्लगमधून शंभराच्या वर लागतात, वरून फ्रिज, पंप, व्हॅक्यूम. हातात काय उरलं? त्यामुळे धंद्याच्या प्लांटला दहापट पुरत नाही, वीस-तीसपट लागेल. बरं, आधी पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये होणार होता, २०२४ मध्ये नवीन वेळापत्रक आलं, आता प्रयोगांची सुरुवात २०३४ आणि खरं ड्युटेरियम-ट्रिटियम २०३९. उशिराची कारणं वाचली तर प्लाझ्मापर्यंत गोष्ट जातही नाही, थर्मल शील्डवरच्या कूलिंग पाइपना क्लोरीनच्या अंशामुळे बारीक चिरा गेल्या, व्हॅक्यूम व्हेसलच्या भागांच्या कडा एकमेकांशी जुळेनात. एमएस्सीला आमच्या लॅबमधली साधी डिस्चार्ज ट्यूब एका ओ-रिंगच्या गळतीमुळे तीन आठवडे पेटली नव्हती आणि व्हायव्हाला मी ती विझलेलीच दाखवली होती, त्यामुळे इटरवाल्यांबद्दल मला सहानुभूतीच आहे.

यावर खाजगी कंपन्यांचं म्हणणं असतं की सरकारी लोक ढिम्म, आम्ही बघा. त्यातला एक मुद्दा मला खरोखर मान्य आहे. अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सने सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या प्रकारच्या सुपरकंडक्टर टेपचा मॅग्नेट २० टेस्लापर्यंत नेऊन दाखवला. बाकी सगळं सारखं ठेवलं तर फ्यूजनची पॉवर मॅग्नेटिक फील्डच्या चौथ्या घातात वाढते, फील्ड दुप्पट तर पॉवर सोळापट, त्यामुळे इटरपेक्षा कितीतरी छोट्या मशीनमध्ये काम होऊ शकतं. पण मशीन छोटं म्हणजे भिंत छोटी, आणि तेवढीच उष्णता कमी जागेत! प्लाझ्मा धरून ठेवायचा प्रश्न सोपा झाला तसा भिंतीचा अवघड झाला. हेलियन नावाच्या दुसऱ्या कंपनीने तर २०२८ पासून मायक्रोसॉफ्टला वीज द्यायचा करार २०२३ मध्येच करून टाकला. करार करण्यात गैर काही नाही, पण गुंतवणूकदाराला तारीख द्यावीच लागते, तशी पद्धतच आहे तिथली, म्हणून त्या तारखेला भौतिकशास्त्राचं भाकीत समजू नये.

मग आपण यात पैसे घालावेत का? माझा एक मित्र सोलरच्या धंद्यात आहे, तो म्हणतो अजिबात नाही, अडीच रुपये युनिटच्या आसपास सोलरची टेंडरं जातायत, तेवढ्यात बॅटऱ्या घ्या. विजेपुरतं त्याचं बरोबर आहे. येत्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातला कोळसा कमी करायचा तर तो सोलर, वारा, डोंगरावर पाणी चढवून साठवणाऱ्या योजना आणि तारापूरसारखी फिजन (म्हणजे जड अणू फोडून चालणारी नेहमीची अणुवीज) यांनीच होईल, फ्यूजन या हिशोबात धरणं म्हणजे जन्माला न आलेल्या मुलाच्या पगारावर कर्ज काढणं. आणि इंधन स्वस्त म्हणून वीज स्वस्त हेही खरं नाही, अणुभट्टीतसुद्धा इंधनाचा खर्च थोडाच असतो, पैसा जातो तो मशीनमध्ये, आणि फ्यूजनचं मशीन तर त्याहून गुंतागुंतीचं.

तरीही मी पैसे घालावेत या बाजूचा आहे, फक्त विजेचं आमिष दाखवून नाही. भारत इटरमध्ये २००५ च्या डिसेंबरमध्ये शिरला, खर्चातला आपला वाटा ९ टक्क्यांच्या आसपास, तोही बराचसा वस्तूंच्या रूपात. सगळ्या मशीनला बाहेरून झाकणारा क्रायोस्टॅट, साडेतीन हजार टनांहून जड, हजिऱ्याला एल अँड टीने बनवला आणि तो फ्रान्समध्ये पोचलाय. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण डबा उत्तम बनवता येणं वेगळं आणि आतला पदार्थ शिजवता येणं वेगळं. आपला स्वतःचा शिजवायचा अनुभव गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आहे, प्रेधिमान कौ यांच्या पिढीने तो उभा केला, १९८९ मध्ये आदित्य टोकामॅक चालू झालं, मग सुपरकंडक्टिंग मॅग्नेटचं एसएसटी-१, ज्यात पहिला प्लाझ्मा २०१३ मध्ये आला. एसएसटी-१ चं ध्येय होतं १००० सेकंदांचा प्लाझ्मा. आपण त्याच्या जवळपासही नाही, आणि चीनने तेच ईस्टमध्ये करून दाखवलं. या फरकाबद्दल आपल्याकडे किती बोललं गेलं? क्रायोस्टॅटच्या बातम्या मी पन्नास वाचल्या असतील, याबद्दल दोनसुद्धा नाही.

पैसा तिथे जावा, म्हणजे स्वतःच्या मशीनवर, सुपरकंडक्टर टेप इथे बनवण्यावर, लिथियमच्या आवरणावर (जड पाण्याचे रिअ‍ॅक्टर आपल्याकडे भरपूर आहेत, ट्रिटियम हाताळायचा अनुभव आहे, हा मोठा फायदा आपण वापरतच नाही), आणि सर्वात आधी मुलांवर. प्लाझ्मामध्ये पीएचडी केलेल्या मुलाला इथे दहा वर्षं टिकून काम करता येईल एवढी खात्री दिली नाही तर तो इंग्लंडमधल्या कलहॅमला नाहीतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला जाणारच, त्याला दोष कसा देणार.

आणि या पैशाच्या बदल्यात सरकारकडून तारीख मागू नये, हिशोब मागावा. इस्रो लॉन्च लाइव्ह दाखवते, फसलं तर तेही सगळ्यांसमोर फसतं, म्हणून तर गल्लीतल्या पोराला क्रायोजेनिक इंजिन माहीत असतं. एसएसटी-१ वर या वर्षी किती शॉट झाले, सगळ्यात लांब किती टिकला, किती वेळा डिसरप्शनने पडला, कोणत्या पंपामुळे किती महिने गेले, एवढी चार ओळींची माहिती दरवर्षी साध्या भाषेत, मराठी-गुजराती-हिंदीत बाहेर यायला हवी. त्यात "विक्रम" हा शब्द नसला तरी चालेल. निदान मामा तरी वाचतील, त्यांनी चाळीस वर्षं फॉल्ट रजिस्टरच वाचलंय.